एका कान्याचा फरक

बोईसर
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

जमना,

तुला फोन लावला की एकदाच वाजतो आणि तुटतो. मेसेज पाठवला तर एकच खूण येते, दुसरी काही येत नाही. मला ब्लॉक केलंयस, एवढं कळायला साथरोगशास्त्राची पदवी लागत नाही. म्हणून हे पत्र. सातपाटीत तुझ्या बाबांचं, महादूकाकांचं घर पोस्टमनला ठाऊक असेलच.

नवापूरचं सासर सोडून तू माहेरी गेलीस, हे नवापूरच्या आशा सेविका बायडीकडून कळलं. का गेलीस ते मी विचारत नाही. घर म्हटलं की भांड्याला भांडं लागतंच, आमच्याकडंही लागतं. मी वेगळ्याच कामासाठी लिहितेय.

काम तुला माहीत आहे. दोन वर्षं झाली, कंपनीच्या दवाखान्यातली नर्सची ड्यूटी संपवून घरी यायचं, कुकर लावायचा आणि ओट्यावर लॅपटॉप उघडायचा. सुजित म्हणतो, "वर्षाराणी, तुझ्या कॉलेजात शिट्टी वाजली की तास सुटतो." त्या ऑनलाइन मास्टर्सचा हा शेवटचा प्रकल्प. डोक्यावरून मासळीच्या टोपल्या वाहणाऱ्या बायकांत गर्भपाताचं प्रमाण आमच्या कंपनीच्या कॉलनीतल्या बायकांपेक्षा जास्त आहे का, एवढाच प्रश्न. आठ रविवार तू माझ्याबरोबर दारोदार फिरलीस. तू नसतीस तर माझ्यासारख्या तासगावच्या बाईला नवापुरात कुणी ओटीवर टेकूसुद्धा दिलं नसतं.

आता ऐक. आकडे भरून झाले. कॉलनीत साठ बायका, त्यात अकरा जणी 'हो' म्हणाल्या. नवापुरात एकशे बारा, त्यात 'हो' फक्त एक. म्हणजे काय तर तीस किलोची टोपली डोक्यावर घेऊन वाळूतून चाललं की गर्भ घट्ट बसतो! कप्पाळ माझं. हे मी कुणाला दाखवू? प्रबंध द्यायची मुदत एकतीस मार्च, आणि ती दुसऱ्यांदा वाढवून मिळालेली आहे. तिसऱ्यांदा मिळायची नाही. त्या दिवशी दिला नाही तर नाव कमी करतात.

तेव्हा दोनच रविवार ये. काही घरांत पुन्हा विचारावं लागेल, आणि तुझ्याशिवाय मला कुणी उत्तर देणार नाही. तेवढं झालं की परत त्रास देणार नाही, आईशपथ.

तुझी,
वर्षाताय

बोईसर
रविवार, १६ फेब्रुवारी

जमना,

उत्तर नाही. मी पण कसली बाई! तुझ्या घराला आग लागलीय आणि मी तुझ्याकडं माझी चूल पेटवायला निखारा मागतेय. मागच्या पत्रात 'का गेलीस ते विचारत नाही' असं लिहिलं ना? विचारत नाही, कारण मला माहीत आहे. चोराच्या मनात चांदणं.

बुधवारी गाईडसरांबरोबर ऑनलाइन मीटिंग झाली. ते तिकडं कुठं लांब बसून नवापूर बघतात, नकाशावर बोटाएवढं. सर म्हणाले, एकशे बारामध्ये एकच हो? हा सत्तेचाळीस नंबर काय आहे?

मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "सर, तो आउटलायर आहे." आउटलायर म्हणजे सगळ्यांपासून वेगळा पडलेला आकडा, बहुतेक करून चुकीचा. सर बरं म्हणाले आणि पुढं गेले. सत्तेचाळीस नंबर तू आहेस, जमना. एकशे बारा बायकांमध्ये एकटी खरं बोललेली तू, आणि तुला मी चुकीचा आकडा म्हणाले. मीटिंग संपल्यावर कॅमेरा बंद करून रडले. सुजित दारात उभा राहून म्हणाला, नापास केलं का गं? त्याला काय सांगणार?

आता जे तुला माहीत नाही ते सांगते. सर्वेक्षण सुरू करायच्या आधी मी दहा बायकांवर फॉर्म वापरून बघितला होता, त्याला पायलट म्हणतात. बायडी बरोबर होती. तिनं तेव्हाच मला बाजूला घेतलं. म्हणाली, "ताय, आमच्याकडं गर्भपात नको बोलूस. गर्भपात म्हंजे पाडलेला. गोळ्या घेऊन, दवाखान्यात जाऊन. आपोआप गेला तर आमी पोट पडला बोलतो. तू तसाच विचार."

पडलं आणि पाडलं. एका कान्याचा फरक. शाळेत शुद्धलेखनात त्याला अर्धा मार्क कापायचे. माझ्या फॉर्ममधल्या 'गर्भपात' या शब्दानं दोन्ही गिळून टाकलं होतं. कॉलनीतल्या बायकांच्या फायलीवर डॉक्टरच 'गर्भपात' लिहून देतात, त्यांना तो शब्द टोचत नाही. नवापुरातल्या बायकांना वाटलं, ही बाहेरची बाई विचारतेय, तू पोर मारलंस का? कोण हो म्हणेल?

आणि मला हे कळत नव्हतं असं नाही! तासगावात माझी आईसुद्धा 'पोट पडलं'च म्हणते. पण शब्द बदलायचा म्हणजे फॉर्म परत एथिक्स कमिटीकडं पाठवायचा, सहा आठवडे वाट बघायची. मी बायडीला म्हणाले, "चालतंय गं, मी समजावून सांगेन." आठ रविवारांत एका बाईलासुद्धा समजावलं नाही. वेळच नव्हता. समजावलं फक्त तुला, रिक्षात बसल्या बसल्या. म्हणून तूच तेवढी हो म्हणालीस.

वर्षाताय

बोईसर
रविवार, २ मार्च

जमना,

शुक्रवारी तुझं पाकीट आलं. मी वेडी, जिन्यातच फोडलं. वाटलं, चार ओळी तरी असतील, निदान शिव्या तरी. आत माझंच माहितीपत्रक निघालं, मुलाखतीआधी मी प्रत्येकीच्या हातात दिलेलं. 'सहभागी व्यक्तीला कोणत्याही क्षणी माघार घेता येईल' या ओळीखाली तू रेघ मारलीस. आणि खाली तुझ्या गोल अक्षरात, 'नंबर ४७ खोडा.'

खोडला. त्याच दिवशी खोडला. आता नवापुरात एकशे अकरा बायका आहेत आणि एकाही बाईचं कधी काही गेलेलं नाही. फार सुखी गाव झालंय.

तू मागितलं नाहीस तरी कबुली देते. एकोणीस जानेवारीचा रविवार. सगळी घरं झाली होती, यादीत सत्तेचाळीसावी असूनही तू तेवढी शेवटी राहिली होतीस. मुलाखत एकटीची घ्यायची, कान देणारं कुणी जवळ नको, हा पहिला नियम. पहिल्या दिवशी मीच तुला तो पाठ करून घेतला होता. पण शेवटची रिक्षा निघायची होती, आणि मला वाटलं, ही तर आपलीच. तुमच्या अंगणात, तुझ्या सासूबाई हंसाकाकू पाच हातांवर बोंबील निवडत असताना, मी तुला विचारलं, "गर्भपात झालाय का?" तू फॉर्मच्या भाषेत, शिकवलं होतं तसं, स्वच्छ सांगितलंस, "हो, एकदा. दोन वर्षांपूर्वी."

काकूंच्या हातातलं सूप खाली पडलं ते मी बघितलं. बघून न बघितल्यासारखं केलं आणि पुढचा प्रश्न विचारला, "वजन किती उचलता?"

तुझी सगळी गोष्ट मला माहीत होती. आपण पाम गावच्या फाट्यावर उसाचा रस पीत होतो तेव्हा सांगितली होतीस. लग्नाला चार वर्षं झाल्यावर दिवस गेले. तुझा धर्मेश बोटीवर होता. बोट परत आली की त्यालाच पहिलं सांगायचं म्हणून तू कुणालाच बोलली नव्हतीस. मधेच जत्रेला सातपाटीला गेलीस आणि तिथं पोट पडलं. बोट आली तेव्हा सांगायला काही उरलंच नव्हतं. "मंग काय सांगू, ताय?" असं म्हणून तू ग्लास धुवायला घेतलास, गाडीवाल्याचा ग्लास! 

आणि त्या बाईंनी नातवासाठी केलेले नवस मला ठाऊक नव्हते का? त्यांच्या कानावर एकच शब्द पडला. सुनेनं पाडलं. माहेरी जाऊन, चोरून. चार दिवसांत तुला घराबाहेर काढलं.

त्याआधी तू मला फोन केलास. 'ताय, तू येऊन सांग त्यांना, तुज्या कागदाचा अर्थ सांग, तुजा ऐकतील.' आणि मी काय म्हणाले? मला तो आवाज अजून ऐकू येतो, माझाच, दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांशी बोलते तसला. "जमना, कुणाचं उत्तर कुणाला सांगता येत नाही गं. गोपनीयतेचा नियम असतो."

डोंबल नियम! मी आले असते तर सासूसमोर मुलाखत घेतली हे बाहेर आलं असतं आणि प्रकल्प गेला असता. मी त्याला भ्याले. उत्तर चारचौघांत काढून घेताना नियम आठवला नाही, तुला सोडवायची वेळ आली तेव्हा मात्र आठवला. तू 'बरा' एवढंच म्हणालीस आणि फोन ठेवलास. त्यानंतर तुझा आवाज ऐकलेला नाही.

बायडी सांगत होती, होळी झाली की सोळा तारखेच्या रविवारी गावकीची बैठक ठेवलीय. धर्मेश आणि तुझं मोकळं करायचं, सोडचिठ्ठी द्यायची म्हणून. तो काय म्हणतो विचारलं तर म्हणे नुसता जाळी विणत बसतो. तुला हे कळलंय का? महादूकाकांना निरोप आलाय का? मला काही कळत नाही आणि कुणाला विचारायला तोंडही नाही. 

वर्षा

बोईसर
सोमवार, १० मार्च

जमना,

पाच तारखेला गाईडसरांना आणि कमिटीला पत्र लिहिलं. शब्द चुकीचा होता, मला आधी सांगितलेलं होतं, एक मुलाखत दुसऱ्या माणसासमोर घेतली, त्यामुळं त्या बाईचं नुकसान झालं. नाव लिहिलं नाही. चार वाक्यं, लिहायला दोन दिवस लागले.

आज उत्तर आलं. गोळा केलेली माहिती वापरायची नाही, प्रकल्प थांबवा. एकतीस मार्चपर्यंत नवीन काही होणं शक्य नाही, हे त्यांनीही लिहिलंय आणि मलाही कळतं. सर नंतर फोनवर म्हणाले, "तुम्ही हे लिहिलं नसतं तर कुणाला कळलं नसतं हो." हळहळ होती की राग होता, समजलं नाही. दोन वर्षं गेली. सुजितला सांगितलं तर तो म्हणाला, चहा टाकू का? चांगला आहे गं तो. त्यामुळंच जास्त रडू येतं.

मला वाटलं होतं, एवढं केलं की छातीवरचा दगड उतरेल. कुठला उतरतोय! माझा प्रकल्प बुडाल्यानं तुझं घर थोडंच उभं राहतं?

काल नवापूरला गेले होते. हंसाकाकूंनी मला गल्लीच्या तोंडाशीच बघितलं. "ती कागुदवाली आली! जा इतून. तुमीच शिकवला तिला. शिकलेल्या बायका तुमी, पोटातली पोरां पाडता आनी वर कागदावर लिवता!" मी "काकू, ऐका तरी" म्हणाले, तर बोंबील धुतलेल्या पाण्याची बादली माझ्या पायांवर. शेजारच्या बायका हसल्या. त्यातल्या सहा जणींच्या मुलाखती मी घेतल्या आहेत, सहाही 'नाही' वाल्या. रिक्षात कुणी शेजारी बसेना. सँडल अजून बाल्कनीत वाळतायत.

धर्मेश दारात उभा होता.  मी वळले तेव्हा माझी खाली पडलेली पर्स त्यानं पुढं येऊन उचलून दिली.

सहा दिवस राहिलेत. मी परत जाणार आहे. काय बोलायचं ते ठाऊक नाही. तुझ्या परवानगीशिवाय तुझं काही सांगायचं नाही, एवढं मात्र ठरवलंय. या वेळी खरंच.

वर्षा

नवापूर
शनिवार, १५ मार्च

जमना,

हे पत्र पोस्टानं येत नाही. ज्याच्या हातून मिळेल त्याला आधी पाणी दे आणि मगच वाच. त्यानं सकाळपासून काही खाल्लेलं नाही.

होळी झाली. बोटी किनाऱ्याला लागलेल्या, अजून सजवलेल्याच आहेत. आज सकाळी मी आले तेव्हा हंसाकाकू वलांडीच्या बांबूंवर बोंबील वाळत घालत होत्या. एकट्याच होत्या. मला बघून त्यांनी बादलीकडं हात नेला, पण बादली रिकामी होती. मी काही न बोलता खाली बसले आणि टोपलीतले बोंबील घेऊन जोड्या लावायला लागले. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि काठीवर टाकायचं, तूच दाखवलं होतंस. माझ्या पहिल्या तिन्ही जोड्या निसटून वाळूत पडल्या.

"ठेव ते. नास करतेस," काकू म्हणाल्या. मग, "आनी काय कागूद आणलास?"

"कागद बंद झाला, काकू. माझं शिक्षणपण बंद झालं."

"बरा झाला."

"हो. आता एकच विचारते. लिहिणार नाही. काकू, तुमचं कधी पोट पडलं होतं?"

त्यांचे हात थांबले. मला वाटलं, आता कानाखाली बसते. मी डोळेसुद्धा मिटले होते.

"तीन," त्या म्हणाल्या.

 या वेळी पुढचा प्रश्न विचारला नाही. हे तुला लिहितेय तेही त्यांची परवानगी घेऊनच. त्या बोंबील घालत घालत, माझ्याकडं न बघता सांगत राहिल्या. पहिलं धर्मेशच्या आधी, टोपली उतरवताना. दुसरं त्याच्या पाठीवर, भर पावसात. तिसरं पाच महिन्यांचं झालं होतं, मुलगी होती. "धर्मेशच्या बापाला तिसऱ्याचा ठावूक. बाकी कोनाला नाय. कोनाला सांगायचा? दुसऱ्या दिवशी माल घेऊन बोईसरच्या बाजारात बसलेली मी."

"काकू, मी कागद घेऊन आले होते तेव्हा विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणालात."

"तू गर्भपात विचारलास!" त्या ताडकन वळल्या. "मी काय पाडली व्हती?"

"नाही. तुमची पडली. पण माझ्या कागदावर दोन्हीला एकच शब्द होता. पडलं तरी गर्भपात आणि पाडलं तरी गर्भपात. बायडीनं मला सांगितलं होतं, शब्द बदल. मी बदलला नाही. चूक माझी आहे, काकू. दुसऱ्या कुणाची नाही."

 वाऱ्यानं काठीवरचे बोंबील हलत होते. त्या म्हणाल्या, "मंग तुज्या कागदात मी पन गर्भपातवाली?"

"हो. कागदाच्या भाषेत, तुम्हीपण."

त्या वाळूतच खाली बसल्या. पदर तोंडाला लावला. आवाज नाही, नुसते खांदे. मला हात लावायचं धाडस झालं नाही. पदराआडूनच त्यांनी विचारलं, "आनी ती?"

जमना, तुझं सगळं माझ्या जिभेच्या टोकावर होतं. पामचा फाटा, बोटीची वाट बघणं, तो ग्लास. पण मी म्हणाले, "ते तिचं आहे, काकू. मी नाही सांगू शकत. तिला विचारा."

"तिनां सांगितला व्हता. रडून रडून सांगितला. मी ऐकला नाय."

मग त्यांनी डोळे पुसले आणि धर्मेशला हाक मारली. त्या बाईच्या हाकेला अख्खा किनारा वळून बघतो, तुला माहीत आहे. तो जाळ्यावरून उठून आला. "उद्या बैठकीला जायचा नाय," त्या म्हणाल्या. "मी बघतं त्यांना काय सांगायचा ता. तू आत्ताच्या आत्ता सातपाटीला जा."

तो तसाच उभा. "जाऊन काय बोलू तिला?"

"काय बोलू नको. ऐक."

तो आत अंघोळीला गेलाय. मी ओटीवर बसून त्याच फॉर्मच्या कोऱ्या बाजूवर हे लिहितेय, दुसरा कागद नाही. परत ये असं मी म्हणणार नाही, तो अधिकार माझा नाही. माफ कर असंही आता लिहीत नाही. तू नाही म्हणालीस तरी ते मला पटेल.

काकू मघापासून शेजारी उभ्या आहेत. त्यांना वाचता येत नाही, पण अक्षरांवर नजर ठेवून आहेत. आता म्हणाल्या, "तुज्या त्या कागदात आमच्या घराचा किती लिवला व्हतास?"

मी म्हटलं, "कागद बंद झाला ना, काकू."

"मंग चिठीत लिव. तिला वाचू दे," म्हणाल्या. "माजी तीन, तिचा एक. आमच्या घरात चार गेली."